बोट बाहेर असताना न म्हणायचे शब्द

रत्नागिरीला लोक समुद्र बघायला, किल्ले चढायला किंवा आंब्याच्या दिवसांत पेट्या आणायला जातात. मी डिसेंबरात गेले, मोहोर नुकता फुटत होता तेव्हा, आणि गेले ती इंग्रजी वाक्प्रचार शिकवायला. माझ्या ओळखीतलं या कामासाठी घाट उतरलेलं दुसरं कुणी नाही.

माझं घर इचलकरंजीचं. आई-वडील दोघेही चळवळीतले. लहानपणी इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत असे. अंधश्रद्धा, हुंडा, पाणी, शाळांची फी, यातलं काही ना काही कायम आमच्या जेवणाच्या पाटाशेजारी गठ्ठ्याने पडलेलं असायचं. त्यामुळे कुठे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो. या खेपेचा मथळा होता इंग्रजीच्या क्लासांवर. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना घाबरवायचं, तुमचं इंग्रजी पुस्तकी आहे म्हणायचं, आणि भरपूर पैसे घेऊन वाक्प्रचारांचे छापील कागद हातात द्यायचे, हा सरळसरळ लुटीचा धंदा आहे. म्हणून मी स्वतः एक पुस्तिका लिहायला घेतली होती. गाड्या, रस्ते, रेल्वे आणि जहाजं यांवरून इंग्रजीत आलेले वाक्प्रचार, त्यांचे अर्थ, मराठी उदाहरणं. किंमत नाही. घ्या आणि वाचा.

तेवढ्यात दर्शनाचा फोन आला. दर्शना माझी वसतिगृहातली मैत्रीण, राजापूर तालुक्यातल्या नाट्याची. तिचे वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट आणि खलाशी दोन्ही त्यांच्या हुकमात. एका खासगी बंदराच्या नियंत्रण कक्षात वायरलेसवर बसून जहाजांशी बोलायची नोकरी निघाली होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. शुक्रवारी रत्नागिरीत इंग्रजीतून तोंडी होती.

"क्लासच्या सरांनी सांगितलंय, वाक्प्रचार विचारतात," ती म्हणाली. "तू लिहितेयस ना तेच? ये. माझ्यावर प्रयोग कर. ही नोकरी गेली तर मला मुंबईला मावशीकडे जाऊन राहावं लागेल आणि मला नाटं सोडायचं नाहीये."

मी पिशवी भरली.

नाटे, सोमवार

आंबा घाट उतरल्यावर माती बदलते, हे सगळे सांगतात. मला आधी जाणवला तो गाडीतला आवाज. आमच्याकडे माणसं वाक्य आपटतात, इथे ती त्याला हेल देऊन वर उचलतात आणि मग अलगद खाली ठेवतात. रत्नागिरीहून नाट्याच्या एसटीत माझ्यापुढे एक आजोबा बसले होते. ते ड्रायव्हरला सारखे सांगत होते, "जरा डावीकडनं घे. हां. आता दाब. अरे दाब म्हटलं तर!" शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, तुम्ही या इथं. मी उतरतो." सगळी गाडी हसली. मी वहीत लिहून घेतलं: बॅकसीट ड्रायव्हर, म्हणजे स्वतःवर जबाबदारी नसताना काम करणाऱ्याला पदोपदी सूचना देणारा माणूस. पुस्तिकेला पहिलं उदाहरण मिळालं.

रात्री जेवताना ते दर्शनाच्या आईला सांगितलं. त्यांना मी काकी म्हणते. काकी तांदळाची भाकरी थापत होत्या.

"म्हणजे आमच्या जाऊबाई," काकी म्हणाल्या. "भाकरी मी थापायची, आणि त्यांनी उंबऱ्यावर बसून सांगायचं, कड जाड झाली हो. काय ता इंग्रजी नाव?"

"बॅकसीट ड्रायव्हर."

"उद्या सांगत्ये तिला."

ताटात बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी कुस्करून खायची सवय, ही तांदळाची मऊसूत भाकरी नुसती बोटाने तुटते. मी भराभर खाल्लं आणि त्यात एक तिरफळ चावलं. तिरफळ चावायचं नसतं, ते मसाल्याचं फळ कालवणातून काढून ताटाच्या कडेला ठेवायचं असतं, हे मला कोण सांगणार! जीभ बधिर झाली, ओठ थरथरायला लागले. शिकवायला आलेल्या बाईला 'ट्रॅक' म्हणता येईना. दर्शना हसून हसून लोळली. पहिला धडा दुसऱ्या दिवसावर गेला.

मंगळवार

सकाळी पडवीत बसलो. क्लासचा कागद दर्शनाने पाठ केला होता, पण शाळेत सनावळ्या पाठ करतात तसा. मी तो बाजूला ठेवायला लावला.

"ऑन द राइट ट्रॅक?"

"योग्य मार्गावर असणे."

"तुझ्या शब्दांत."

ती विचार करून म्हणाली, "काम अजून झालेलं नाही, पण असंच करत राहिलो तर होईल."

"हिट द रोड?"

"निघणे. उठा, चला आता."

"थर्ड व्हील?"

"दोघांच्या मध्ये नकोसा झालेला तिसरा. पण मुक्ता, हे मला पटत नाही. आमच्याकडे तिसरं चाक काढलंस तर रिक्षा आडवी होईल."

"थ्रो समवन अंडर द बस?"

"स्वतःची मान सोडवायला दुसऱ्याला पुढे करणे. आमच्या सोसायटीचे चेअरमन."

"अस्लीप ॲट द व्हील?"

"ज्याच्या हातात सुकाणू आहे त्यानेच गाफील राहणे. हा मला तिथे नक्की विचारतील."

छान चाललं होतं. रस्ता झाला, रेल्वे झाली, आम्ही पाण्यावर आलो. इन द सेम बोट म्हणजे सगळे एकाच अडचणीत असणे. मिस द बोट म्हणजे वेळेवर हालचाल न केल्याने संधी हुकणे. ऑल हँड्स ऑन डेक म्हणजे आता प्रत्येकाने हात लावायचा, कुणी बसून राहायचं नाही. मग मी पुढचा विचारला. बुडणाऱ्या जहाजावरचा, ज्यातून उंदीर आधी पळतात तो. मोडकळीला आलेली संस्था किंवा माणूस सोडून स्वार्थी लोक कसे आधी सटकतात, ते सांगणारा. बोलता बोलता मी त्याचा अर्थ मराठीतही मोठ्याने सांगितला.

काकी आतून बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

"ता नको बोलू गो," त्या म्हणाल्या. "बोट बाहेर हाय."

मला कळलं नाही. दर्शनाने खाली बघितलं आणि हळूच सांगितलं. बाबांची बोट रविवारी समुद्रात गेली होती, गुरुवारी यायची होती. बोट बाहेर असेपर्यंत त्यांच्या घरात बुडण्याचा, फुटण्याचा, बोट सोडून उडी मारण्याचा शब्द काढत नाहीत. थट्टेतही नाही. बोट धक्क्याला लागली की मग काय वाटेल ते बोला.

माझ्या डोक्यात ताबडतोब मथळा तयार झाला. मी म्हणाले, "काकी, हे नुसते शब्द आहेत. शब्दांनी समुद्रात काही होत नाही."

"नुसते शब्दच ना? मग नाय बोललीस तर काय बिघडलं?"

"बिघडतं ना! परीक्षेत विचारलं तर?"

"परीक्षा शुक्रवारी. बोट गुरुवारी येतेय. गुरुवारी रात्री बोला."

"पण काकी, भीतीला असं खतपाणी घालायचं का? माझे आई-वडील आयुष्यभर याच्याविरुद्ध पत्रकं वाटत आले."

काकी उंबऱ्यावर टेकल्या. रागावल्या नव्हत्या. "काय गो बाय, त्या पत्रकांत काय असतं?"

"विचार."

"शब्दच ना शेवटी? शब्दांनी काय होत नाय असं वाटलं असतं, तर वाटली असती काय त्यांनी?"

आजवर सभांमध्ये मला कितीतरी लोकांनी अडवलंय, पण असं बाजूने येऊन कुणी धरलं नव्हतं. काकी उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने कोकम सरबताचे पेले घेऊन आल्या. भांडण संपलं होतं, नियम तसाच होता.

सड्यावर, बुधवार

पण मी इतक्यात हार मानणाऱ्यातली नाही. गावाच्या वर सडा आहे. काळ्या-तांबड्या कातळाचं सपाट पठार, मैलभर झाड नाही, वाळलेलं गवत आणि मध्येच एखादं करवंदीचं जाळं. तिथून आत गेलं की समुद्रही दिसत नाही. मी दर्शनाला म्हटलं, चल वर, तिथे तुझी आई ऐकायला नाही. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कातळ उन्हाने तापलेला, मी एका पायावर उड्या मारत चालले. दर्शनाने ओढणीची किनार फाडून चप्पल पायाला बांधून दिली.

कातळावर बसून मी वही उघडली. काकींच्या नियमात अडकलेले चार वाक्प्रचार तीत होते. "जंप शिप. सांग."

"अंगावर घेतलेलं काम अर्ध्यात टाकून निघून जाणे."

"बरोबर. आता इंग्रजीत वाक्य कर."

ती वाळलेल्या गवताच्या काड्या तोडत राहिली.

"दर्शना, इथे कोण आहे? टिटवी आहे एक. बोल."

तिने तोंड उघडलं. मग मिटलं. "अर्थ सांगते ना. वाक्य गुरुवारी."

"तू विज्ञानाची पदवीधर आहेस!"

"आहे ना. तू ओरडू नको."

मी ओरडत होते, हे मला तिने सांगितल्यावर कळलं. मी वही मिटली. टिटवीच काय ती ओरडत होती. मग दर्शना म्हणाली, "मला हे सगळं खरं वाटतं असं नाही. पण तोंडातून निघत नाही. तुला तुझ्या बापाला शिवी देता येईल का, नुसतं वाक्य म्हणून?"

परतताना आम्ही पाण्यावरचे ते चार वाक्प्रचार सोडून बाकी सगळ्यांची दोनदा उजळणी केली.

गुरुवार

बोट आली नाही.

सकाळी काकींनी धक्क्यावर दोन चकरा मारल्या. दुपारी दर्शना गेली, मीही गेले. आलेल्या एका बोटीच्या खलाशांनी सांगितलं, काल दुपारी तांडेलकाकांशी वायरलेसवर बोलणं झालं, इंजिन कुरकुरतंय म्हणत होते, मग आवाज गेला. वारा फार नव्हता. कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं, पण कुणी विनोदही करत नव्हतं. मासे उतरवणाऱ्या बायका काकींना बघून जरा बाजूला सरकून वाट देत होत्या.

संध्याकाळी वही उघडायचा प्रश्नच नव्हता. मी भांडी घासली. दर्शना म्हणाली, "मी उद्या जात नाही."

काकी वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू इथं बसून बोट येणार हाय काय? आली तर धक्क्याला येईल, तुझ्या मांडीवर नाय. जा तू. आणि नीट बोल."

रत्नागिरी, शुक्रवार

पहिल्या गाडीने निघालो. पावसच्या पुढे उजाडलं. दर्शनाच्या मांडीवर फायलीची पिशवी होती, हातात फोन. तिनेच बोलायला सुरुवात केली.

"आईला भीती वाटते म्हणून ती बोलत नाही. बाबांचं वेगळं आहे. मी शाळेत होते तेव्हा एका बोटीवरच्या पोराने वायरलेसवर गंमत केली. आमच्यात पाणी शिरलं, आम्ही चाललो, असं काहीतरी ओरडला. बाबांनी आणि आणखी दोघांनी टाकलेली जाळी तिथेच कापून सोडली आणि बोटी तिकडे वळवल्या. जाऊन बघतात तर हे लोक जेवत बसलेले. बाबांनी त्या पोराला मारलं नाही. पण घरी येऊन म्हणाले, हा शब्द खरा असेल तेव्हाच बोलायचा, नाहीतर खरा असेल तेव्हा कोणी धावणार नाही. आईचा नियम होताच, त्यात बाबांचा मिळाला."

"हे मंगळवारी का नाही सांगितलंस?"

"तू मंगळवारी ऐकत होतीस का?"

तोंडी परीक्षा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. बाहेर खुर्च्यांवर पुष्कळ मुलं-मुली, बहुतेकांच्या हातात तोच क्लासचा कागद. ओठ हलत होते. मला तो कागद फाडावासा वाटत होता आणि त्याच वेळी दर्शनाच्या हातात तो असायला हवा होता असंही वाटत होतं. तिचं नाव पुकारलं. ती आत गेली. इतरांना लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिला लागला.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "भाट्याला जाऊ. मला चालायचंय."

खाडीवरच्या पुलावरून आम्ही रिक्षाने भाट्याला गेलो. नारळाच्या संशोधन केंद्राजवळ उतरून सुरूच्या झाडांतून वाळूवर आलो. तिथे तिने सांगितलं ते असं.

आत दोघं होते. इंग्रजी तपासणाऱ्या एक बाई आणि बंदराकडून आलेले एक कॅप्टन. बाईंपुढे छापील प्रश्न होते. इन द सेम बोट झालं, अस्लीप ॲट द व्हील झालं, ऑफ द रेल्स म्हणजे चांगलं चाललेलं काम भरकटणे, तेही झालं. मग त्यांनी बुडणाऱ्या जहाजाचा विचारला. दर्शनाने अर्थ बरोबर सांगितला. बाई म्हणाल्या, वाक्यात वापरा.

"मी म्हटलं, मॅडम, आज नाही वापरणार. माझे वडील समुद्रात आहेत आणि त्यांची बोट काल यायची होती, ती अजून आलेली नाही."

"मग?"

"मग त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही अंधश्रद्धाळू आहात आणि बंदरात काम करणार?" दर्शनाने वाळूत पाय रोवले. "मी म्हटलं, मॅडम, तुमच्या कक्षात हा शब्द वायरलेसवर आला तर मी ताबडतोब उठले पाहिजे. मी तो रोज गमतीत वापरला तर मला उठायला वेळ लागेल."

"हे इंग्रजीत म्हणालीस?"

"मग काय मराठीत? तोंडीच होती ना!"

त्यावर कॅप्टनांनी बाईंचा कागद बाजूला सरकवला, आणि पुढचे प्रश्न त्यांनी विचारले. बोटीचं नाव काय. शेवटचं बोलणं कधी आणि कुणाशी झालं. तेव्हा बोट साधारण कुठे होती. माणसं किती. वारा कुठला. इंजिनाबद्दल नेमके शब्द काय होते. तुमच्या मते आता बोट कुठे असेल, आणि का. दर्शना सांगत गेली. ते मध्ये थांबवत होते, पुन्हा विचारत होते, ती पुन्हा तेच, तितकंच सांगत होती. त्यात एकही वाक्प्रचार नव्हता.

"मला कळलंच नाही की परीक्षा चालू आहे," ती म्हणाली. "मला वाटलं ते खरंच शोधायला मदत करतायत. शेवटी नंबर दिला आणि म्हणाले, बोट आली की कळवा."

"म्हणजे घेतलं की नाही?"

"काय माहीत!"

मी बाईंवर भडकले होते. त्यांच्या हसण्यावर मी तिथल्या तिथे एक पत्रक लिहून दिलं असतं. मग आठवलं की मंगळवारी पडवीत मी जवळपास तेच वाक्य बोलले होते, फक्त मराठीत, आणि न हसता.

किनाऱ्यावर एक माणूस मुलाला सायकल शिकवत होता. आम्ही भेळ घेतली, खाल्ली नाही. दर्शना फोन उलटा ठेवायची, पुन्हा सुलटा करायची. ऊन कलायला लागलं तेव्हा तो वाजला. काकींचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"आली गो. दुसऱ्या बोटीनं ओढत आणली. इंजिनाचा काय तो पट्टा गेला, नि वायरलेस पण. तुझा बाप इथं उभा हाय, चहा मागतोय. हां, आणि मुक्ताला सांग, आता काय बोलायचं ता बोल म्हणावं."

दर्शना रडली, मग तिने नाक पुसलं आणि समुद्राकडे तोंड करून ते चारही वाक्प्रचार एकामागून एक मोठ्याने म्हटले, प्रत्येकाचं वाक्य करून. सायकलवाला मुलगा थांबून बघत राहिला. उच्चार स्वच्छ होते. शिक्षिकेला काही दुरुस्त करायचं उरलं नव्हतं. मग तिने कॅप्टनांनी दिलेल्या नंबरवर फोन करून एका वाक्यात कळवलं.

शनिवारी तांडेलकाका भेटले. बारीक अंगाचे, फार न बोलणारे. मी आले म्हणून त्यांनी सुरमई राखून ठेवली होती. काकी मात्र माझ्या ताटातलं प्रत्येक तिरफळ स्वतः वेचून काढत होत्या.

इचलकरंजी

घरी आल्यावर मी पुस्तिका पूर्ण केली. क्लासांवरचा मजकूर मी एका शब्दानेही सौम्य केलेला नाही. अंधश्रद्धेबद्दलची माझी मतंही तीच आहेत. बोटीचं इंजिन पट्टा तुटल्याने बंद पडतं, शब्दाने नाही. पण पाण्यावरचे ते चार वाक्प्रचार मी बाकीच्यांतून उचलून शेवटच्या वेगळ्या पानावर घेतले. का ते त्या पानावर लिहिलंय: अर्थ पाठ करा, पण कुणापुढे वापरताय ते बघा, त्याचं कुणी पाण्यावर असेल.

वडिलांनी कच्ची प्रत वाचून विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचत राहिले.

दर्शनाला नोकरी मिळाली. तिचा फोन आला तेव्हा मागून काकी जाऊबाईंना बॅकसीट ड्रायव्हर म्हणताना ऐकू येत होत्या. दर्शना म्हणाली, आईला पुस्तिका वाचून दाखवायचीय, फोनवर पाठव. मी म्हटलं, सगळी पानं तयार आहेत.

"शेवटचं आत्ता नको," ती म्हणाली. "बाबा कालच बोटीवर गेलेत."

बाकीची पानं मी लगेच पाठवली. शेवटचं तसंच ठेवलं. त्या आठवड्यात मी, पत्रकं वाटणाऱ्यांची मुलगी, रोज सकाळी वर्तमानपत्रात किनारपट्टीचं हवामान वाचत होते. मग एके दिवशी भर दुपारी तिचा निरोप आला.

"बाबा आले. पाठव."

मी पान पाठवलं.